कुत्र्याले ऊन लागलं तं आधी पाणी, मंग डॉक्टर

भाऊ, पहिलं कुत्रं हाये म्हणून सांगतो, मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या वर जाते तवा कुत्र्याले घाम येऊन अंग थंड होत नाही, ते धापा टाकूनच गरमी बाहेर काढते. धाप थांबेना, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक, चालताना झोकांड्या, म्हणजे ऊन लागलं समज.

सावलीत ने अन् लगेच पाणी ओतायले लाग, पोट, जांघा, बगला, पंजे सगळं भिजव अन् समोर कुलर नाही तं फर्राटा पंखा लाव, कारण नुसत्या पाण्यापेक्षा पाणी अन् वारा मिळून गरमी लवकर ओढते. छतावरच्या टाकीचं पाणी घेऊ नको बापा, दुपारी ते चहाच असते! हिरीचं नाही तं माठाचं घे. बर्फ शोधत बसू नको. ओला टॉवेल अंगावर टाकून ठेवू नको, मी पहिल्यांदा तेच केलं होतं, टॉवेल गरम होते अन् आतली वाफ आतच राह्यते.

प्यायले थोडं थोडं दे, शुद्धीत नसन तं तोंडात ओतू नको, फुफ्फुसात जाते. पॅरासिटामॉल तं अजिबात नाही, हा ताप नाही अन् कुत्र्याले ते विषारी पडू शकते.

थर्मामीटर असन तं गुदद्वारात लावून पाह्य, १०३ फॅरनहाइटवर आलं का पाणी थांबव, नाही तं उलट जास्त थंड पडते. अन् उठून शेपटी हालवली तरी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ने, किडनीचा त्रास दोनतीन दिवसांनीही निघते.