मुलीला चर्चची पाळक (धर्मगुरू) व्हायचंय. प्रवेश कुठे घ्यावा?

प्रश्न : माझी मुलगी मानसशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे ईश्वरविज्ञान शिकून पाळक व्हायचं म्हणते. आम्ही राहुरीकडचे, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे. मुलीला मंडळी (चर्चमधले लोक) स्वीकारेल का? पोट भरेल का? चांगली कॉलेजं सुचवा.
– एक वडील

उत्तर : सलाम. कॉलेजाच्या आधी तुमच्या पाळकसाहेबांना भेटा आणि त्यांच्यामार्फत डायोसिसला, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतल्या धर्मप्रांताला, विचारा. बी.डी.ची (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, म्हणजे ईश्वरविज्ञानाची) पदवी परीक्षा देऊन मिळते, पाळकपदाची दीक्षा मात्र चर्च देतं. डायोसिसच्या शिफारशीवाचून शिकलेल्या हुशार मुलामुलींना नंतर नेमणुकीसाठी दारोदार फिरावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं.

तुमच्या चर्चमध्ये स्त्रियांना दीक्षा मिळते. चर्च ऑफ साउथ इंडियात तर २०१३ साली पुष्पा ललिता बिशप झाल्या. तरी नियम असणं वेगळं आणि गावच्या मंडळीने मुलीच्या हातून प्रभुभोजन (उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस) घेणं वेगळं. म्हणून तिला आत्तापासून पाळकसाहेबांबरोबर आजाऱ्यांच्या, दुःखात असलेल्या घरांत जाऊ द्या. मंडळी तिला ओळखू लागेल, आणि हे काम आपल्याला झेपतं का, ते तिलाही कळेल.

शिक्षणासाठी पुण्यात, बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. १९५३ साली यवतमाळला सुरू झालेली ही संस्था नंतर पुण्यात आली. पदवी बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सिनेटची (पदव्या देणाऱ्या मंडळाची) घ्यावी. सेरामपूर कॉलेजला १८२७ साली डेन्मार्कच्या राजाच्या सनदेने पदव्या देण्याचा अधिकार मिळाला, आणि देशातली अनेक प्रोटेस्टंट चर्च ही पदवी मानतात. पदवीधरांना बी.डी.ला साधारण चार वर्षं लागतात. बायबल, हिब्रू-ग्रीक, चर्चचा इतिहास यांच्याबरोबर पाळकीय समुपदेशनही असतं. तिथे तिचं मानसशास्त्र उपयोगी पडेल. पुढे याच विषयात एम.टीएच. (ईश्वरविज्ञानातली पदव्युत्तर पदवी) करून रुग्णालयात चॅप्लेन, म्हणजे रुग्णांना धीर देणारा पाळक, होता येतं. मला तिच्यासाठी ही वाट विशेष आश्वासक वाटते.

पोट भरेल, पण बेताचं. मानधन बहुधा कमी, राहायला बऱ्याच ठिकाणी चर्चचं घर, आणि बदल्या ठरलेल्या. लग्नाची बोलणी होतील तेव्हा हे सगळं आधीच स्पष्ट सांगा.

शिक्षण इंग्रजीत होईल, उपदेश मात्र मराठीत करायचा आहे. ना. वा. टिळकांची भजनं गाणाऱ्या मंडळीपुढे भाषांतरासारखा उपदेश टिकत नाही. सुट्टीत घरी आली की तिला रविवारी वेदीवर उभं राहून उपदेश करू द्या, असं पाळकसाहेबांना आत्ताच सांगून ठेवा.