पूर्ण दिवसाचीच सहल घ्या, कारण खरं स्नॉर्केलिंग दुसऱ्या वेळेला सुरू होतं

तुम्ही विचारलंय की उष्ण कटिबंधातल्या एका बेटावर पहिल्यांदाच जाताय, तर कॅटामरान बोटीवरून पूर्ण दिवसाची स्नॉर्केलिंग सहल (डोळ्यांवर मास्क आणि तोंडात श्वासाची नळी लावून पाण्यावर पालथं तरंगत खालचं पाहायचं) घ्यावी की अर्ध्या दिवसाची पुरेल. तुम्हाला पोहता येतं पण जेमतेम, चष्म्याचा नंबर मायनस चार आहे, आणि मिस्टरांना बोट लागते. शिवाय दुसऱ्या दिवशी परतीचं विमान आहे.

पूर्ण दिवसाची घ्या. अर्ध्या दिवसाची सहल मी स्वतः आधी करून बसले आहे, म्हणून सांगते. तेव्हा बोट एकाच ठिकाणी थांबली. मी उतरले, तर काचेवर वाफ धरलेली, नळीत खारं पाणी, आणि दर दोन मिनिटांनी डोकं वर काढून खोकणं चाललेलं. श्वास जरा मार्गी लागला, खालचं काहीतरी दिसायला लागलं, आणि तेवढ्यात परत बोलावण्याची शिट्टी झाली. पुढच्या खेपेला पूर्ण दिवसाची घेतली. पहिल्या थांब्यावर पुन्हा तीच झटापट झाली. मग बोटीवर जेवण, तासभर पडून राहणं, आणि दुसऱ्या ठिकाणी पाण्यात तोंड घातलं तर श्वास आपोआप चालू होता, त्याच्याकडे लक्षच द्यावं लागलं नाही. हातभर अंतरावर एक हिरवानिळा पोपटमासा मेलेल्या पोवळ्याला, म्हणजे प्रवाळाला, चोच लावून कुरतडत होता. करकर आवाज स्वच्छ ऐकू येत होता. थोडं पुढे गेला आणि मागून पांढऱ्या वाळूचा लोट सोडला. त्या किनाऱ्यांवरची पांढरी वाळू बऱ्याच अंशी अशीच तयार झालेली असते. एक मोठा पोपटमासा वर्षाला शेकडो किलो वाळू काढतो. हे मी वाचलेलं होतं, पण डोळ्यांसमोर घडताना पाहायला दुसरा थांबा यावा लागला.

तेव्हा दिवसाची सगळी तयारी एकाच गोष्टीभोवती करा, ती म्हणजे श्वास. पाण्यात तोंड गेलं की नवख्या माणसाचा श्वास उथळ आणि भरभर होतो. नळीत आपणच सोडलेली थोडी हवा साठून राहते. श्वास छोटा असला की तीच शिळी हवा पुन्हा आत येते, मग अजून दम लागतो आणि माणूस घाबरतो. उपाय सोपा आहे, तो म्हणजे उच्छ्वास लांब करा. आत घेण्याची काळजी करू नका, सावकाश, पूर्ण सोडा. आतला श्वास आपोआप येतो. पहिली पाच मिनिटं कुठेही जाऊ नका. बोटीच्या शिडीला एक हात धरून फक्त तोंड पाण्यात ठेवा आणि श्वास मोजा. बाकीचे लांब पोहत गेले तरी जाऊ द्या. नळीत पाणी शिरलं तर बी थुंकावी तसं जोरात ‘थू’ करून एका दमात फुंकायचं, सगळं पाणी वरून उडतं. त्यानंतरचा पहिला श्वास जपून घ्यायचा, राहिलेला थेंब घशात जाऊ नये म्हणून.

मास्कवर मात्र वेळ घालवा. सहलीवाले पेटीतला हाताला येईल तो देतात. तो तसाच घेऊ नका. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर तुमचा, पडला तर दुसरा मागा. गळक्या मास्कचा पट्टा आवळून काही होत नाही, उलट कडा वाकून जास्त गळतो. कडेखाली केसाची एक बट आली तरी पाणी शिरतं. मिस्टरांना मिशी असेल तर नाकाखाली व्हॅसलिनचा जाड थर लावायला सांगा. वाफ धरू नये म्हणून कोरड्या काचेला आतून थुंकी चोळायची आणि समुद्राच्या पाण्यात एकदा बुचकळायची. किळस वाटत असेल तर लहान मुलांच्या शांपूचा एक थेंब चालतो.

तुमचा नंबर मायनस चार आहे, म्हणजे चष्म्याशिवाय खालचं सगळं रंगीत धुकं दिसेल. पाण्यात वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठ्या आणि पाव अंतराने जवळ दिसतात, त्यामुळे मायनस एकवाल्यांचं भागतं. तुमचं भागणार नाही. नंबरच्या काचा असलेले मास्क अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या टप्प्यात तयार मिळतात. बोटवाल्यांकडे आहे का हे आरक्षण करतानाच विचारा, नसेल तर विकत घ्या. या एका खर्चाचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही. कॉन्टॅक्ट लेन्स घालून उतरणारे बरेच आहेत, पण समुद्राचं पाणी आणि लेन्स यांचा मेळ डोळ्यांना चांगला नाही. घालणारच असाल तर एकदाच वापरायच्या घाला आणि बाहेर आल्यावर टाकून द्या.

पूर्ण चेहरा झाकणारा मास्क नवख्यांना फार सोयीचा वाटतो, मी तो वापरत नाही. साधी नळी घाबरल्यावर तोंडातून क्षणात थुंकता येते, हा मास्क काढायला पट्टे ओढावे लागतात. आतली जागा मोठी असल्यामुळे काही बनावटींत शिळी हवाही जास्त साठते.

आता बोट लागण्याचं. त्या दृष्टीने कॅटामरान चांगलीच निवड आहे. हा शब्द मूळ तमिळ, कट्टुमरम म्हणजे बांधलेली लाकडं. आताच्या कॅटामरानला दोन सांगाडे, म्हणजे शेजारी शेजारी दोन होड्यांसारखी अंगं, आणि मध्ये रुंद डेक असतो, त्यामुळे ती एकसांगाडी बोटीसारखी एका अंगावर कलत नाही. पण लाटा आखूड आणि समोरून आल्या तर तिला झटके बसतात, तेव्हा ‘अजिबात हलत नाही’ यावर भिस्त ठेवू नका. पुढे दोन सांगाड्यांमध्ये ताणलेल्या जाळीवर पडून राहायला सगळ्यांना आवडतं, आणि तेच सर्वात जास्त हलणारं ठिकाण. मिस्टरांना मध्ये किंवा जरा मागे, उघड्यावर, वारा लागेल आणि इंजिनाचा धूर लागणार नाही असं बसवा. नजर क्षितिजावर. फोनमध्ये डोकं घातलं की संपलंच. गोळी डॉक्टरांना विचारून ठरवा, पण ती बोट सुटायच्या तासभर आधी घ्यायची असते. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली पोटात टिकत नाही. काही गोळ्यांनी झोप येते, म्हणून आधी एकदा घरी घेऊन पाहिलेली बरी. उपाशीपोटी अजिबात निघू नका, थोडं कोरडं काहीतरी खाऊन निघा. आणि एक गोष्ट अनेकांना खोटी वाटते, पण नांगरलेल्या बोटीवर डुलत बसण्यापेक्षा पाण्यात उतरलं की बऱ्याच जणांची मळमळ कमी होते.

सहल सकाळी लवकर सुटणारी निवडा. व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यात, म्हणजे उष्ण कटिबंधात जिथे वारा बहुतेक एकाच दिशेने वाहतो तिथे, दुपारी वारा वाढतो, पाणी खवळतं आणि तळाची वाळू उठून गढूळ होतं. बोट पक्क्या बोयाला (तळाशी कायम बांधलेल्या तरंगत्या पिंपाला) बांधतात की नांगर टाकतात हेही विचारा. नांगर पोवळ्यांवर पडला की कित्येक वर्षांची वाढ एका क्षणात मोडते. मी बोयावाल्यांनाच पैसे देते.

जेमतेम पोहणाऱ्यासाठी कॅटामरानचा खरा फायदा मागच्या पायऱ्यांचा आहे. त्या पाण्यापर्यंत उतरतात, त्यावर बसून फिन्स (पायात घालायचे वल्ह्यासारखे रबरी पंजे) चढवायच्या आणि अलगद पाण्यात सरकायचं. उडी मारण्याची गरज नाही. तरंगायचं जॅकेट मागून घ्या, त्यात कमीपणा काही नाही, मीही घालते. खाऱ्या पाण्याची घनता गोड्या पाण्यापेक्षा दोन-अडीच टक्के जास्त असते, म्हणजे शरीर तरंगायला तयारच असतं. जॅकेट घातलं की मनही तयार होतं. पाय गुडघ्यातून सायकलसारखे मारू नका, कमरेतून संथ हलवा. हातांचं काही काम नाही. निघताना आधी प्रवाहाच्या विरुद्ध जा, म्हणजे थकल्यावर प्रवाह तुम्हाला बोटीकडे आणेल. दर दोन-तीन मिनिटांनी डोकं वर काढून बोट कुठे आहे ते पाहा, आणि दोघांनी एकमेकांना नजरेआड होऊ देऊ नका. खुणा उतरण्याआधीच पक्क्या करून घ्या. साधारणपणे हात डोक्यावर टेकवला की ‘मी ठीक’, आणि हात वर करून हलवला की ‘मदत हवी’. म्हणून गंमत म्हणून कुणाला हात हलवू नका.

हे आता नीट वाचा. अचानक दम लागला, खोकला थांबेना, हातापायातलं बळ गेलं असं वाटलं तर ‘जरा वेळाने बरं वाटेल’ म्हणून पोहत राहायचं नाही. नळी तोंडातून काढा, पाठीवर उलटा आणि हात हलवा. लाज बाळगू नका. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय उतरूच नका. आणि पाण्यातून आल्यावर मोजणी होताना स्वतः उभे राहून नाव सांगा. 1998 मध्ये ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरियर रीफ या पोवळ्यांच्या पट्ट्यावर एक बोट पाणबुड्या पर्यटकांपैकी एका दांपत्याला मागे ठेवूनच परतली, मोजणी चुकली होती. ते दोघे कधीच सापडले नाहीत. त्यानंतर तिथले मोजणीचे नियम कडक झाले. जिथे कुणी डोकी मोजत नाही, त्या बोटीवरून मी उतरणार नाही.

ऊन पाठीवर पडतं, चेहऱ्यावर नाही, हे लोकांच्या लक्षात येत नाही. पालथं तरंगताना मान, कानांच्या मागची बाजू, केसांतला भांग आणि गुडघ्यांच्या मागची कातडी भाजते, आणि पाणी गार लागत असल्यामुळे संध्याकाळपर्यंत कळतही नाही. लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट आणि घोट्यापर्यंतची लेगिंग घाला. मग क्रीम फार थोडं लागतं. ते घेताना ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट नसलेलं घ्या. ही रसायनं पोवळ्यांना बाधतात म्हणून हवाईने 1 जानेवारी 2021 पासून ती असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी घातली, आणि प्रशांत महासागरातल्या पलाऊ या बेटांच्या देशाने त्याआधीच, 2020 मध्ये. झिंक ऑक्साइडचं क्रीम पांढरट दिसतं, दिसू द्या.

शर्टाचा दुसरा उपयोग उबेचा. पाणी 27-28 अंश असलं तरी ते हवेपेक्षा कितीतरी भराभर अंगातली ऊब खेचतं. पाऊण तासाने दात वाजायला लागले की वर या, कोरडे व्हा, काहीतरी खा. दुसऱ्या थांब्यासाठी ताकद राखायची आहे.

त्या दुसऱ्या थांब्यावर मग घाई करू नका. एकाच मोठ्या पोवळ्यावर दहा मिनिटं नुसतं तरंगत राहा. आधी दोन-चार मासे दिसतील, मग फटीफटीतून हालचाल दिसायला लागेल. कान देऊन ऐका, विस्तवावर मिठाचे खडे तडतडावेत तसा आवाज सगळीकडून येत असतो. त्यातला बराचसा चिमुकल्या कोळंब्यांच्या नांग्यांचा. रंगांच्या बाबतीत तर आपण खोल जाणाऱ्यांपेक्षा सुदैवी आहोत. लाल प्रकाश पाण्यात सर्वात आधी विरतो, पाचेक मीटरच्या खाली लाल मासाही करडा दिसू लागतो. वरच्या दोन मीटरांत सगळे रंग जिवंत असतात. कासव दिसलं तर त्याच्या मागे लागू नका आणि त्याच्या वर तर अजिबात तरंगू नका, त्याला श्वास घ्यायला वर यायचं असतं. बाजूला स्थिर राहिलात तर ते स्वतःच जवळून जातं.

आणि पोवळ्यावर पाय टेकवू नका. कितीही दमलात तरी. तो दगड नाही, प्राण्यांची वस्ती आहे. घुमटासारखी पोवळी वर्षाला काही मिलिमीटर ते एक-दोन सेंटिमीटर वाढतात. मीटरभर उंचीच्या घुमटाला शंभरेक वर्षं लागलेली असू शकतात. दमलात तर पाठीवर उलटा, जॅकेट धरून ठेवेल. काही ठिकाणी पांढरीफटक पोवळी दिसतील. पाणी फार तापलं की ती आपल्या अंगात राहणारी शेवाळं बाहेर टाकतात, आणि रंगाबरोबर त्यांचं अन्नही जातं. एप्रिल 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातलं चौथं मोठं ब्लीचिंग, म्हणजे पोवळी अशी पांढरी पडणं, जाहीर केलं. मी एकदा असा पट्टा पाहिला, आणि बोटीवर आल्यावर बराच वेळ मला बोलता आलं नाही. पाणी वेळेत थंड झालं तर ती सावरू शकतात, पण अशक्त झालेल्या पोवळ्याला आपल्या फिन्सचा धक्कासुद्धा जास्त असतो.

दारू फुकट मिळत असली तरी शेवटच्या वेळेला पाण्यातून बाहेर आल्यावरच. विमानाची काळजी सोडा; अठरा-चोवीस तास थांबण्याचा नियम टाकी लावून खोल जाणाऱ्यांसाठी आहे, पृष्ठभागावर तरंगणाऱ्यांना तो लागू नाही.

मास्क आणि नळी विकत घेतलीत तर निघण्याआधी घरीच एका मोठ्या टोपात पाणी भरा, खुर्चीवर बसून तोंड त्यात घाला आणि रोज पाच मिनिटं नळीतून लांब उच्छ्वास सोडत राहा. मिस्टरांनाही बसवा. चार-पाच दिवस केलंत तर पहिल्या थांब्यावरची निम्मी झटापट घरीच उरकलेली असेल.