ओव्हनच्या आधी अर्थिंग बघा

प्रश्न : नव्या किचनच्या फर्निचरमध्ये बसवायला बिल्ट-इन ओव्हन घेतलाय. मागच्या पट्टीवर ३००० वॅट लिहिलंय. सुतार म्हणतो, मागेच मिक्सरचा पॉइंट आहे, त्यालाच जोडून देऊ. घर सासऱ्यांनी बांधलेलं, अर्थिंगही तेव्हाचंच. उन्हाळ्यात फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात. चालेल का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : नाही ताई, चालणार नाही. आणि मला ओव्हनपेक्षा त्या झिणझिण्यांची जास्त काळजी वाटते. अर्थिंग तपासून होईपर्यंत फ्रिजला अनवाणी किंवा ओल्या हाताने शिवू नका.

आपली काळी माती उन्हाळ्यात आकसते, भेगाळते. ओल गेली आणि माती अर्थिंगच्या पाइपपासून सुटली, की गळालेल्या करंटला जमिनीत जायला वाट उरत नाही. मग तो फ्रिजच्या पत्र्यावर थांबतो. उद्या तोच ओव्हनच्या पत्र्यावर येईल. म्हणून आधी अर्थ टेस्टरने, म्हणजे अर्थिंगचा रोध मोजणाऱ्या यंत्राने, अर्थिंग मोजून घ्या. नुसता बल्ब लावून पाहणं पुरेसं नाही. मोजणी एप्रिल-मेमध्येच करा, पावसाळ्यात माती ओली असते, त्यामुळे आकडा कमी, म्हणजे चांगलाच येतो. गरज पडली तर अर्थिंगसाठी नवीन खड्डा घ्या आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहा.

एका गोष्टीला मात्र ठाम नकार द्या. काही जण सॉकेटमध्येच अर्थिंगची पिन न्यूट्रलला, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरला, जोडून देतात. जुन्या घरांची वायरिंग खोलताना मी हे पाहिलंय आणि दर वेळी संताप येतो. न्यूट्रल कुठे तुटला, तर ओव्हनच्या अख्ख्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतात.

आता लाइनचं. ३००० वॅट म्हणजे साधारण १३ अँपिअर, आणि मिक्सरचा पॉइंट असतो ६ अँपिअरचा. वायर भिंतीतल्या भिंतीत तापेल. मेन बोर्डपासून ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वेगळी लाइन ओढा, तिला २० अँपिअरचा एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारा खटका) आणि १६ अँपिअरचं सॉकेट. सॉकेट ओव्हनच्या मागे नको, शेजारच्या कपाटात घ्या, म्हणजे गडबड झाली तर हात पोचेल. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको.

ओव्हनच्या केबलला प्लग नसेल तर वायरमनला रंग सांगा : तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. आपल्याकडच्या थ्री-फेज वायरिंगमध्ये निळी वायर फेजची असते, त्यामुळे घोळ होतो.

बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की लाइन तोडणारा खटका) नसेल तर याच कामात बसवून घ्या. वायरमन जायच्या आधी त्यावरचं ‘टी’चं बटण दाबा. खटका लगेच पडला पाहिजे.