चकचकीत टाकीतले मासे का मरतात?

प्रश्न : दिवाळीत मुलीसाठी दोन फुटी फिशटँक आणला आणि त्याच दिवशी गप्पी व निऑन टेट्रा मिळून पंधरा मासे सोडले. दर रविवारी सगळं पाणी उपसून मी काच, खडे, फिल्टरचा स्पंज नळाखाली लख्ख धुते. तरी मासे वर येऊन धापा टाकतात आणि मरतात. निऑन सगळे गेले, चार गप्पी उरलेत. दुकानदारानं निळं औषध दिलंय. टाकीत पाणी बोरिंगचं, बादलीला पांढरे डाग पडतात असलं. नर्मदेचं पाणी पिण्यापुरतंच येतं. दुकान बदलू का?
– एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : ताई, दुकान राहू द्या, रविवारची धुलाई तेवढी थांबवा. घर नीटनेटकं ठेवणाऱ्या बाईला हे पटायला जड जाईल, पण ते चार गप्पी वाचवायचे तर स्पंज थोडा मळकाच हवा.

मासे कल्ल्यांतून सतत अमोनिया टाकतात. विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजूनही तोच तयार होतो. पाणी नितळ दिसत असतं आणि कल्ले मात्र भाजून निघत असतात, म्हणून त्या धापा. या अमोनियाचा निकाल लावतात जिवाणू. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते माशांना बरंच सोसतं. ही वस्ती स्पंजवर आणि खड्यांवर जमायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तुमच्याकडे ती दर रविवारी मोरीत वाहून जाते. त्यात एकदम पंधरा मासे! शिवाय तुमच्या बोरिंगसारख्या जड (म्हणजे क्षार जास्त असलेल्या), अल्कधर्मी पाण्यात अमोनिया आणखी जहाल होतो.

निळं औषध बहुधा मिथिलीन ब्लू असेल. बुरशीवर ते चांगलं, पण टाकीत ओतलं तर हेच जिवाणू मरतात. बाटली कपाटात ठेवा.

आता नवा मासा आणू नका. एक दिवसाआड पाव टाकी पाणी बदला. खाद्य दिवसातून एकदा, चिमूटभर, दोन मिनिटांत संपेल इतकंच. मुलीला हे कठीण जाईल, तरी डबा तिच्या हाती देऊ नका. स्पंज तुंबलाच तर टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळा, नळाखाली कधीच नाही. ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिथला वापरलेला स्पंज मागून आणा, तो ओलाच आपल्या फिल्टरशेजारी ठेवा. त्यावरचे जिवाणू आयते मिळाले की वस्ती जमायचे कितीतरी दिवस वाचतील. नर्मदेचं पाणी वापरलंत तर त्यात क्लोरीन असतो. दुकानात तो घालवणारे हायपोचे खडे मिळतात, ते बेताने घाला. इंदुरी थंडीत पन्नास वॅटचा हीटर लावून पाणी पंचवीस अंशांच्या आसपास ठेवा.

निऑनचा हट्ट मात्र मी तुमच्या जागी सोडला असता. ते ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, मऊ, किंचित आम्लधर्मी पाण्यातले. बाजारातले पैदास केलेले असतात आणि थोडं जड पाणी चालवून घेतात, पण बादलीला डाग पाडणारं नाही. शिवाय सहापेक्षा कमी असले की बुजून कोपरा धरतात. गप्पींना जड पाणी मानवतं. त्यांची मादी अंडी घालत नाही, साधारण महिन्याभरानं थेट पिल्लंच देते, आणि मोठे गप्पी ती खातात. म्हणून हायड्रिलाची दाट जुडी आत्ताच टाकीत सोडा. पिल्लांना लपायला जागा होईल, आणि वाढताना ती वनस्पती थोडा अमोनियाही शोषून घेईल.