हीट पंप बसवण्यापूर्वी घराची तयारी

प्रश्न : इंग्लंडमधील लेस्टर येथे आम्ही १९३०च्या दशकात बांधलेल्या तीन बेडरूमच्या जोडघरात राहतो. गॅसचा कॉम्बी बॉयलर (टाकीशिवाय खोल्या आणि नळाचे पाणी दोन्ही तापवणारा) आता जुना झाला आहे. सरकारी अनुदान मिळत असल्याने हीट पंप बसवण्याचा विचार आहे. मात्र जुन्या घरात तो चालत नाही, आधी सगळ्या भिंती आणि खिडक्या बदलाव्या लागतात, असे शेजारी सांगतात. आईवडील पुण्याहून दर वर्षी काही महिने येतात आणि त्यांना थंडी सोसत नाही. नेमकी कोणती तयारी करावी? (एक वाचक, लेस्टर)

उत्तर : जुन्या घरात हीट पंप चालत नाही हे खरे नाही, मात्र घराचा विचार न करता बसवलेला पंप महागात पडतो, हे अगदी खरे आहे. बॉयलर जळणातून उष्णता निर्माण करतो, तर हीट पंप फ्रीजच्याच तत्त्वावर बाहेरच्या थंड हवेतली उष्णता ओढून घरातल्या पाण्याला देतो. त्यामुळे विजेच्या एका युनिटमागे उष्णतेची साधारण तीन किंवा त्याहून अधिक युनिटे मिळू शकतात. परंतु रेडिएटरमध्ये जाणारे पाणी जितके जास्त तापवावे लागेल, तितकी ही किफायत कमी होते. ब्रिटनमध्ये विजेचे युनिट गॅसच्या युनिटच्या जवळपास चौपट महाग असल्याने हा फरक थेट बिलात उतरतो. म्हणून पंपाची कंपनी निवडण्याआधी आपले घर ४५ ते ५० अंशांच्या पाण्यावर उबदार राहते का, हे पाहावे.

याची परीक्षा घरबसल्या आणि फुकट करता येते. कडाक्याच्या थंडीत बॉयलरच्या पाण्याचे तापमान ५० अंशांवर आणावे आणि रेडिएटर एक-दोन दिवस सलग चालू ठेवावेत. तुमचा कॉम्बी बॉयलर असल्याने नळाच्या गरम पाण्याची सेटिंग वेगळी असते. ती बदलू नये. (ज्यांच्या घरी गरम पाण्याची टाकी बॉयलरवर तापते, त्यांनी मात्र हा प्रयोग जाणकाराला विचारूनच करावा, कारण कोमट साठ्यात लिजिओनेला हे फुप्फुसांचा आजार करणारे जिवाणू वाढू शकतात.) ज्या खोल्या उबदार राहतील त्यांना हात लावण्याची गरज नाही. ज्या गारठतील, तेथेच काम आहे. आईवडिलांची खोली कोणत्या गटात मोडते, हेही आपोआप कळेल.

गारठलेल्या खोलीतला रेडिएटर बहुधा लहान असतो. रेडिएटरची छापील क्षमता खोलीपेक्षा सरासरी ५० अंशांनी गरम पाणी धरून दिलेली असते. हा फरक ३० अंशांवर आला की तोच रेडिएटर जेमतेम निम्मी उष्णता देतो. म्हणून तेथे दुहेरी किंवा तिहेरी पत्र्यांचा मोठा रेडिएटर घ्यावा लागतो. घरात ८ किंवा १० मिलिमीटरच्या बारीक नळ्या असतील, तर त्यांतून पुरेसे पाणी जाते का, हेही तपासून घ्यावे.

उष्णता बाहेर जाऊ नये यासाठी सर्वांत स्वस्त आणि गुणकारी उपाय माळ्यावर आहे : तेथे उष्णता रोखणाऱ्या साहित्याचा सुमारे २७० मिलिमीटर जाडीचा थर असावा. त्यानंतर भिंती. बाहेरच्या विटांच्या फक्त लांब बाजू दिसत असतील, तर भिंत बहुधा पोकळ असते आणि ती पोकळी भरता येते. लांब आणि आखूड बाजू आलटून पालटून दिसत असतील, तर ती बहुधा भरीव असते आणि तिचे काम खर्चिक होते. दुहेरी काचेच्या खिडक्या चांगल्या स्थितीत असतील, तर केवळ पंपासाठी त्या बदलू नयेत. फटी जरूर बुजवाव्यात, परंतु स्वयंपाकघर आणि न्हाणीघरातले पंखे बंद करू नयेत. आपल्याकडे रोज कुकर लागतो, फोडण्या होतात. ती वाफ बाहेर गेली नाही, तर भिंतींवर बुरशी धरते, आणि वयस्कर माणसांच्या छातीला ती फार बाधते.

कॉम्बीच्या जागी गरम पाण्याची टाकीही ठेवावी लागेल. चार माणसांना सुमारे २०० लिटरची टाकी पुरते. आईवडिलांसह सहा जण होत असाल, तर २५० लिटर किंवा अधिक धरावे. टाकीसाठी एखादे कपाट रिकामे करण्याची तयारी आतापासूनच ठेवा, कारण बहुतेक घरांत गाडे नेमके येथेच अडते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये ऑक्टोबर २०२३पासून हवेवर चालणाऱ्या हीट पंपासाठी ७,५०० पौंडांचे अनुदान मिळते. त्याचा अर्ज प्रमाणित कंत्राटदारच करतो. प्रत्येक खोलीची उष्णता-हानी वेगळी मोजणाराच कंत्राटदार निवडा. जो केवळ घराचे क्षेत्रफळ विचारून आकडा सांगतो, त्याला माझ्या मते नम्रपणे नकार द्यावा. गॅसची शेगडी ठेवता येते, मात्र मग गॅसचा रोजचा स्थिर आकारही चालू राहतो. फुलके आचेवर फुगवायचे की इंडक्शनवर भागवायचे, हे घरातल्या स्वयंपाक करणाऱ्यांना विचारूनच ठरवावे.

प्रश्न : आमच्याकडे पंप बसला आहे. रात्री तो बंद ठेवला तर वीज वाचेल का? (एक वाचक, स्लाव)

उत्तर : सहसा फारशी वाचत नाही. पहाटे गार पडलेले घर लवकर तापवण्यासाठी पंपाला पाणी अधिक गरम करावे लागते आणि रात्रीची बचत त्यात खर्ची पडते. थर्मोस्टॅट रात्री दोन-तीन अंशांनीच खाली आणावा.