दगड आधी, मासे सगळ्यात शेवटी

तू पाठवलेला तुझ्या माशांच्या टाकीचा फोटो पाहिला. पाच दगड चांगले आहेत, पण सगळे एकाच उंचीचे, त्यामुळे रांगेत उभे केल्यासारखे वाटतात. जपानी इवागुमी पद्धतीत, म्हणजे टाकीतल्या दगडांच्या मांडणीत, एक मुख्य दगड असतो, टाकीच्या उंचीच्या साधारण दोन-तृतीयांश, आणि तोही मधोमध नाही, थोडा बाजूला. बाकीचे त्याच्याकडे झुकलेले. सगळे एकाच जातीचे घे. दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकून बघ. फेस आला तर त्यात चुना आहे, पाणी जड, म्हणजे क्षारांचं, होणार. माती पुढे ३ सेंटिमीटर, मागे ८ ठेव, म्हणजे खोली दिसते. मी पहिल्यांदा सपाट पसरली होती, टाकी अगदी ताटासारखी दिसायची!

खरी अडचण शेवाळाची. या मांडणीत झाडं कमी आणि ठेंगणी, त्यामुळे पाण्यातलं खत शेवाळच खातं. म्हणून पहिल्याच दिवशी हेअरग्रास, म्हणजे गवतासारखी पाणवनस्पती, दाट लाव, दिवा सहा तासांवर ठेव, आणि पहिले काही आठवडे पाणी वरचेवर बदल. मासे? पाण्याच्या चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट, ही माशांना विषारी द्रव्यं, दोन्ही शून्य दिसेपर्यंत नकोच. चार ते सहा आठवडे सहज जातात.