खेड्यात पाहुण्यांचे येणे-जाणे आता कितपत उरले आहे, आणि एवढ्यात तुम्ही काय वाचले?

तुम्ही एका दमात तीन गोष्टी विचारल्या आहेत: खेड्यातला दिवस सध्या कसा जातो, नातेवाईक खरोखर येतात की सगळे फोनवरच भागते, आणि हाती असलेले पुस्तक कोणते. गेल्या महिन्यात माझ्या घरी या तिन्ही गोष्टी एकमेकींत अशा मिसळल्या की त्या वेगळ्या करून सांगणे कठीण आहे. म्हणून एकत्रच सांगतो.

मी अमरावती जिल्ह्यात, मोर्शीच्या बाजूच्या एका गावी राहतो. थोडा संत्रा आहे, बाकीच्या वावरात कापूस आणि तूर, आणि सोयाबीन निघाले की त्या जागी हरभरा. संत्र्याची आंबिया बहाराची फळे यंदा ठोक्याने, म्हणजे व्यापाऱ्याला सगळी एकदम, देऊन मोकळा झालो. मिळालेल्या दराविषयी काही लिहीत नाही, कारण ते लिहायला बसलो तर तुमचा प्रश्न बाजूलाच राहील. पहाटेची गुरे, सकाळी मजुरांची जमवाजमव, दुपारी वेचलेल्या कापसाचे वजन, हे सगळे तुम्ही इतरांकडूनही ऐकले असेल. आमच्या दिवसाचा खरा वेगळा भाग म्हणजे रात्र. कृषिपंपाची लाईन आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते, त्यामुळे हरभऱ्याचे ओलीत रात्रीच करावे लागते. स्प्रिंकलरचे पाईप दर तीन तासांनी बदलवायचे असतात आणि मधल्या वेळात झोपून चालत नाही, कारण एक तर लाईन केव्हा जाईल याचा नेम नाही आणि दुसरे म्हणजे रानडुकरे. तेव्हा शेतातल्या खोपडीत, म्हणजे झोपडीत, घोंगडी पांघरून, कपाळाला बॅटरी बांधून मी वाचतो. बॅटरीच्या उजेडात पानावर किडे येऊन बसतात, ते फुंकून उडवावे लागतात. हाताने झटकले तर कागदावर डाग पडतो आणि पुस्तक ग्रंथालयाचे असते.

उद्धव शेळके यांची ‘धग’ ही 1960 ची कादंबरी मी या रात्रींत दुसऱ्यांदा वाचली. कॉलेजात वाचली होती तेव्हा तिच्यातली वऱ्हाडी बोली वाचून गंमत वाटली होती, एवढेच आठवते. या वेळी तिच्या नायिकेचे, कौतिकचे, बोलणे कानाला इतके ओळखीचे वाटले की दोन-तीन ठिकाणी पुस्तक मिटून ठेवावे लागले. सौभाग्यवतीला मी ती वाचायला दिली, तर निम्म्यावर आल्यावर तिने परत केली आणि म्हणाली, “हे सारं मी माह्या मायच्या घरी पाह्यलं हाय, आता पुन्हा कायले वाचू?” यावर मजजवळ उत्तर नव्हते.

आता पाहुण्यांविषयी. येणे-जाणे संपले, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते आणि पुरुषांच्या बाबतीत ती बरीचशी खरी आहे. मोटारसायकलवर येतात, चहा घेतात, गाडीची किल्ली हातातच असते, आणि “येतो मंग” म्हणून निघतात. बायकांच्या बाबतीत मात्र माझा अनुभव उलट आहे. एसटीत 75 वर्षांवरील ज्येष्ठांना 2022 पासून प्रवास मोफत झाला आणि 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट झाले, तेव्हापासून आमच्या घरी म्हाताऱ्या बायकांचे येणे स्पष्टपणे वाढले आहे. पूर्वी माहेरी जायचे म्हणजे तिकिटाचे पैसे मुलाकडे मागावे लागत, आणि ते मागण्यापेक्षा न गेलेले बरे, असे त्यांना वाटे. माझी थोरली आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. ती आता आधार कार्ड कंबरेच्या पिशवीत ठेवून एकटी येते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ती आली आणि तब्बल अकरा दिवस राहिली. त्याच वेळी पुण्याहून मुलगी आणि नातूही नाताळच्या सुट्टीत आले होते, त्यामुळे घर भरलेले होते.

आत्याचे सासर चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथाचे आहे. तिला आमच्याकडचे मटण चालत नाही, म्हणून ती असेपर्यंत ते बंद असते आणि तिला वाकून नमस्कार करण्याऐवजी “दंडवत” म्हणावे लागते, हे नातवाला फार आवडले. त्या दिवसांत मी योगायोगाने ‘श्रीगोविंदप्रभुचरित्र’ आणले होते. आमच्यापासून जवळच्या रिद्धपूरला, जिथे 2024 मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले, त्याच गावात गोविंदप्रभू राहत. ते चक्रधरस्वामींचे गुरू. लीळाचरित्र, म्हणजे चक्रधरांच्या लीळांचा (आठवणींचा) ग्रंथ, लिहिणाऱ्या म्हाइंभटांनीच त्यांच्याही आठवणी एकत्र केल्या. तेराव्या शतकातली ही मराठी अवघड असणार, या भीतीने मी हे पुस्तक इतकी वर्षे टाळले होते.

दुपारी अंगणात तुरीच्या शेंगा सोलायला बसलो होतो. आत्यासमोर सुपात शेंगांचा ढीग, मुलीच्या हाती गंज, म्हणजे पातेले, नातू सोले कमी आणि टरफले जास्त गोळा करतो आहे, आणि मी मोठ्याने वाचतो आहे. गोविंदप्रभूंना गावकरी राऊळ म्हणत. हे राऊळ मनाला येईल त्या घरात शिरतात, खायला मागतात, पोरांशी खेळतात, मनाविरुद्ध झाले की चिडतात, आणि बोलता बोलता त्यांच्या तोंडी “मेला जाए” असे येते. मी तिथे अडखळलो, कारण अवतारी पुरुषाच्या तोंडी ही शिवी कशी, हे मला उलगडेना. आत्याने मात्र सूप खाली ठेवले आणि हसत म्हणाली, “अरे बाप्पा, हे तं आपल्या घरचंच बोलनं हाय. तुयी आजी काय म्हने मंग? वाच तू, मी आयकतो.” आजी खरोखरच रागात “मेला” म्हणत असे आणि प्रेमातही. त्यानंतर मी शब्दकोश उघडलाच नाही. जिथे अडले तिथे मी वाक्य पुन्हा मोठ्याने वाचत असे, आणि दहापैकी सहा-सात वेळा त्याचा अर्थ आत्याच सांगत असे. उरलेल्या वेळी ती स्पष्ट सांगे, “हे मले नाई समजत, पुढं चाल.”

पुढे एक अडचण आली. ग्रंथालयाच्या त्या प्रतीतला एक अख्खा फर्माच गळालेला होता, म्हणजे सोळा पाने नाहीत. मी वैतागलो, पण आत्या म्हणाली की त्यातले काही मला पाठ आहे. तिने तीन लीळा तोंडी सांगितल्या. मी त्या वहीत उतरवून ठेवल्या आणि पुढे तालुक्याच्या एका शिक्षकांकडून दुसरी प्रत मिळाल्यावर ताडून पाहिल्या. दोन लीळा पुस्तकात सापडल्या, पण क्रम वेगळा होता आणि आत्याने सांगितलेला एकीचा शेवट पुस्तकातल्यापेक्षा बराच लांब होता. तिसरी मला अजून सापडलेली नाही. लीळाचरित्राची मूळ पोथी धाडीत गेली आणि अनुयायांनी आठवणीतून ती पुन्हा लिहून काढली, त्यामुळे तिचे निरनिराळे पाठ झाले, ही हकीकत मी पूर्वी प्रस्तावनेत वाचली होती, पण पाठभेद कसा तयार होतो हे मला या वहीवरून कळले. आत्याला मी पुस्तकातला शेवट वाचून दाखवला, तेव्हा ती शांतपणे म्हणाली की छापणाऱ्याने थोडे गाळले असेल.

मुलगी मात्र या सगळ्यात फारशी रमली नाही. तिने जंगलावर लिहिणारे मारुती चितमपल्ली यांचे ‘रानवाटा’ सोबत आणले होते आणि ती ते आतल्या खोलीत एकटीच वाचत बसे. मला त्याचे वाईट वाटले नाही, कारण पुण्यात तिला एकटीला बसायला मिळते तरी कुठे? जाताना ते पुस्तक ती मुद्दाम माझ्यासाठी ठेवून गेली. त्याची पंधराएक पाने झाली आहेत.

आत्या परवा परत गेली. बसमध्ये बसल्यावर तिने खिडकीतून बजावले की ती तिसरी लीळा ती त्यांच्या आश्रमातल्या बाबांना विचारून ठेवील, मी माघ महिन्यात तिला रिद्धपूरला घेऊन जावे, आणि वही बरोबर आणायला विसरू नये. त्याआधी हरभऱ्याचे दुसरे पाणी आटोपायचे आहे आणि या आठवड्यातही लाईन रात्रीचीच आहे.